ट्रकच्या वॉर्निंग लाइटचा रिकॉल आलाय? गाडी घाटात घालायच्या आधी हे सगळं करून घ्या

आमच्या बारा टायरच्या ट्रकचा रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाडी फुकट दुरुस्तीला परत बोलावणं, आम्हाला कळला तो चिपळूणला पंक्चरच्या दुकानात. चाक निघेपर्यंत शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर गप्पा मारत होता, तो म्हणाला तुमची पण ह्याच मॉडेलची दिसतेय, मीटरचं सॉफ्टवेअर मारून घेतलंत काय? मी म्हटलं कसलं सॉफ्टवेअर. घरी येऊन कंपनीला फोन लावला तेव्हा समजलं की पत्र तीन महिन्यांपूर्वीच निघालंय, पण गेलं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, कारण गाडी आम्ही सेकंडहँड घेतलेली आणि आरसीवर नाव बदललं तरी कंपनीच्या कॉम्प्युटरात कोणी बदललंच नव्हतं. म्हणजे ते तीन महिने गाडी लोट्याहून माल भरून कुंभार्ली घाट चढत-उतरत होती आणि ब्रेकच्या टाकीतली हवा कमी झाल्याचा लाल दिवा (मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावरच चालतात) वेळेला लागेल की नाही याचा काही भरवसा नव्हता.

त्यानंतर ओळखीतल्या सात-आठ गाड्यांचं हे काम मी बसून करून दिलं. त्यात जे कळलं आणि जे चुकलं ते सगळं इथे टाकतोय.

नुसता दिवा तर आहे ना?

हे सगळेच म्हणतात. आमचा ड्रायव्हर कुडाळकडचा, वीस वर्षं स्टेअरिंगवर, तो मला म्हणाला, "दिवो पेटलो नाय ना, मगे कित्याक घाबरतास?" आणि त्याचं काही चुकलं नव्हतं, आपणच ड्रायव्हरला शिकवलंय की दिवा लागला तर थांब, नाही लागला तर चल. पण दिवा लावायचं काम ज्याच्याकडे आहे तेच बिघडलं असेल तर ही सवयच ड्रायव्हरला फसवते.

जुन्या गाड्यांत सरळ मामला होता. ऑइल प्रेशरचा स्विच, त्याच्यापासून एक वायर, वायरच्या टोकाला बल्ब. बल्ब गेला तर दोन मिनिटांत बदलला. आता सेन्सर सांगतो ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला, ईसीयू तो मेसेज टाकतो कॅन लाइनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक जोडतारेवर, तिथून तो मीटरमधल्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्या-दिव्यांमागच्या, कॉम्प्युटरला मिळतो आणि दिवा लावायचा की नाही हे तो कॉम्प्युटर ठरवतो. मोठ्या ट्रकात ही बोलणी बहुतेक जे१९३९ नावाच्या पद्धतीने चालतात, ब्रेक, इंजिन, गिअरबॉक्स सगळे एकाच जोडतारेवर बोलतात. यात कुठेही प्रोग्रॅम चुकला तर सेन्सर ठीक, वायर ठीक, बल्ब ठीक, तरी दिवा लागत नाही. किंवा लागतो पण उशिरा. किंवा चावी बंद-चालू केली की आधीचा फॉल्ट विसरून जातो. किंवा दुसराच एखादा मेसेज स्क्रीनवर येऊन त्याला झाकून टाकतो. दिवा लागतो पण बझर वाजत नाही, हाही प्रकार असतो.

एक गोष्ट लक्षात घ्या, अशा रिकॉलमध्ये ब्रेक बहुतेक वेळा चांगलेच असतात. बिघाड सांगण्यात आहे. पण एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद पडलंय आणि दिवा लागला नाही, तर ड्रायव्हर एबीएस आहे असं समजूनच पावसात परशुराम घाटाच्या वळणावर ब्रेक दाबणार, चाकं जाम होणार आणि ट्रेलर असेल तर मागचा भाग पुढे यायला बघणार. एबीएस नसताना पण गाडी थांबते हो, फक्त ती वेगळ्या पद्धतीने चालवावी लागते, आणि ते ड्रायव्हरला आधी माहीत पाहिजे.

आधी बघा, रिकॉल तुमच्या गाडीचा आहे का

व्हॉट्सॲपवर जो मेसेज फिरतो तो पाचातल्या तीन वेळा अमेरिकेतला असतो. तिकडे एनएचटीएसए म्हणून सरकारी खातं आहे, कंपनीने दोष कळवला की साधारण ६० दिवसांत मालकाला पत्र पाठवावं लागतं आणि गाडीचा १७ आकडी-अक्षरी नंबर टाकून कोणीही बघू शकतो. एअर ब्रेकचा त्यांचा नियम आहे एफएमव्हीएसएस १२१, त्यात लिहिलंय की टाकीतली हवा ६० पीएसआयच्या खाली, म्हणजे साधारण ४ बारच्या खाली गेली की काट्याशिवाय वेगळी वॉर्निंग मिळालीच पाहिजे. त्यामुळे नुसता दिवा लागत नाही एवढ्यावर पण तिकडे रिकॉल निघतात. पण कंपनीचं नाव तेच असलं तरी तिकडची गाडी वेगळी, मीटर वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं. तो फॉरवर्ड बघून घाबरू नका आणि तो बघून गाफील पण राहू नका, आपला चेसिस नंबर इथल्या कंपनीकडे तपासा.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यात गाडी बनल्यापासून ७ वर्षांच्या आतली असावी लागते. कंपनीने आपणहून रिकॉल काढला तर तिला दंड नाही, सरकारने काढायला लावला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. त्यामुळे बहुतेक कंपन्या आपणहूनच काढतात. गाडी बनवणाऱ्यांची संघटना सियाम, तिच्या वेबसाइटवर पण ऐच्छिक रिकॉलची यादी असते.

आता काम. आरसी काढा, तिच्यावरचा चेसिस नंबर म्हणजेच तो १७ आकडी-अक्षरी व्हीआयएन. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर पण मिळतो, पण मी सांगतो गाडीपाशी जा आणि चेसिसवर ठोकलेला नंबर घासून, माती काढून, आरसीशी जुळवा. एका गाडीच्या आरसीत एक अक्षर चुकलेलं निघालं आणि कंपनीचा माणूस दोन दिवस "ही गाडी आमच्याकडे दिसत नाही" म्हणत राहिला. व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे ओ सारखं दिसतंय ते शून्यच आहे असं समजा. हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका, आणि टोल-फ्रीवर फोन करून पण विचारा. फोनवर हे तीन प्रश्न: ह्या चेसिसवर कुठला रिकॉल उघडा (अजून काम न झालेला) आहे का, त्याचा कॅम्पेन नंबर (कंपनीने त्या रिकॉलला दिलेला नंबर) काय, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवायची की नाही. तिसऱ्याचं उत्तर मेलवर मागा. आणि सेकंडहँड गाडी असेल तर त्याच फोनवर आपलं नाव, मोबाईल, पत्ता बदलून घ्या, हे नाही केलंत तर पुढचं पत्र पण जुन्या मालकाच्याच घरी चुलीत जाणार.

दिवा लागतो का ते स्वतः बघा

हे अंधारात करायचं, म्हणजे दिवे नीट दिसतात, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. सपाट जागा, हँडब्रेक लावलेला, चाकांखाली पुढे-मागे दगड नाहीतर लाकडी ठोकळे. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. सगळे दिवे एकदा पेटायला पाहिजेत: हवेचा, एबीएसचा, ऑइल प्रेशरचा, चार्जिंगचा, इंजिनचा, हँडब्रेकचा. मग काही आपोआप विझतात, ऑइल आणि चार्जिंगचा इंजिन चालू केल्यावर विझतो, एबीएसचा काही गाड्यांत थोडं पुढे गेल्यावरच विझतो. कुठला कधी विझायला पाहिजे ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं (हो, तेच पुस्तक जे सीटखाली तंबाखूच्या पुड्यांबरोबर पडलंय). जो दिवा चावी ऑन केल्यावर पेटलाच नाही त्याचं नाव लिहून ठेवा.

पण इथे एक फसवणूक आहे. सुरुवातीला दिवा पेटला म्हणजे दिवा जिवंत आहे एवढंच कळतं, खरा फॉल्ट आल्यावर सॉफ्टवेअर तो लावेल का हे नाही कळत. हवेच्या दिव्याचं मात्र खरं परीक्षण घरी करता येतं. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, चावी परत ऑन ठेवा. चाकाखालचे ठोकळे परत एकदा बघा. आता ब्रेकचं पेडल दाबा-सोडा, दाबा-सोडा, हवा उतरत जाईल. पुढच्या आणि मागच्या दोन्ही सर्किटचे काटे बघत राहा आणि लाल दिवा आणि बझर कितीवर आला ते लिहा, दिवा वेगळा आणि बझर वेगळा लिहा. पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या आसपास आला तर ठीक. काटा खाली जातोय, जातोय आणि डॅशबोर्ड गप्प, तर ही गाडी लोड घेऊन कुठेही जाणार नाही, मग समोर कोणाचंही भाडं असो.

हाच व्हिडिओ सर्व्हिस सेंटरला दाखवायला लागतो, कारण तिथे पहिलं वाक्य असतं "आमच्याकडे तर सगळं बरोबर दाखवतंय".

सॉफ्टवेअर की खारी हवा?

कोकणात हा प्रश्न आधी सोडवायला लागतो आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण वेळ आणि पैसे यातच जातात. जयगड, दिघी, मिरकरवाडा, हर्णै, समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कनेक्टरला हिरवट-पांढरी बुरशी धरते, खरं म्हणजे ती बुरशी नाही, तांब्याला गंज आलेला असतो. मासळीच्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी चेसिसवर सतत ठिबकत असतं. त्यात चार महिने पाऊस. शिवाय २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेल्या आणि नंतर धुऊन-पुसून विकलेल्या गाड्या, त्यांच्या वायरिंगबद्दल तर बोलायलाच नको, सेकंडहँड घेताना सीटचे बोल्ट आणि फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातली माती बघत जा.

साधा ठोकताळा असा. पावसात किंवा गाडी धुतल्यावर दिवा गायब होतो आणि उन्हात परत येतो, तर वायरिंग. कनेक्टर हलवल्यावर फरक पडतो, तर वायरिंग. ऊन-पाऊस काही असो, दर वेळी अगदी त्याच प्रसंगी दिवा चुकतो, आणि त्याच बॅचच्या दुसऱ्या गाडीत पण तसंच होतं, तर सॉफ्टवेअरचा संशय घट्ट. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर त्याला सांगा, बॅटरी कट करून डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये कॅन हाय आणि कॅन लो, म्हणजे कॅन लाइनच्या दोन तारा, यांच्या मध्ये मल्टिमीटर लाव. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून मधे साधारण ६० ओहम यायला पाहिजेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाहीतर वायर तुटलेली. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. त्याने फक्त मोजायचं, वायर सोलून तिथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही, नाहीतर सॉफ्टवेअर राहील बाजूला आणि ईसीयूचं बिल येईल.

दोन्ही दोष एकत्र पण असतात, आमच्या गाडीत तेच होतं. आधी कनेक्टर साफ करून घ्या, मग रिकॉलला जा. नाहीतर सेंटरवाला सॉफ्टवेअर मारेल, दिवा तरी लागणार नाही आणि तो म्हणेल तुमचंच वायरिंग खराब आहे, आमचं काम झालं.

नंबर लागेपर्यंत गाडी कशी चालवायची

कंपनीने चालवू नका सांगितलं असेल तर विषय संपला. चालवा म्हणाले असतील तर दिवा नाही असं समजून काट्यावर चालवा. ड्रायव्हरला सकाळी नुसता फोन करून सांगू नका, गाडीत बसून दाखवा. हवा पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. इंजिन बंद करून दोन मिनिटं शांत बसून हवेची फुस्स ऐकायची आणि काटा उतरतोय का बघायचं. टाकीचं पाणी रोज सोडायचं, आपल्याकडच्या दमट हवेत टाकीत पाणी भराभर साठतं. कशेडी, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, कुठलाही घाट असो, उतार सुरू व्हायच्या आधी थांबून दोन्ही काटे बघायचे, मग खालच्या गिअरमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी आवरणारा ब्रेक) उतरायचं, पेडल सारखं दाबत बसायचं नाही. एबीएसचा रिकॉल असेल तर पावसात पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. क्लीनर असेल तर उतारावर त्याचं काम एकच, काटा बघणे, मोबाईल नाही.

गोवा-कर्नाटकात जायचंच असेल तर कोकण रेल्वेची रो-रो आहे, १९९९ पासून चालू आहे, कोलाडला गाडी वॅगनवर चढवली की वेर्णे किंवा सुरतकलला उतरवायची, मधला हायवे वाचतो. सगळ्यांना परवडेल असं नाही, पण एखाद-दुसऱ्या फेरीला विचार करायला हरकत नाही.

आणि एक कायद्याची गोष्ट. कलम १९० म्हणतं की दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असताना गाडी रस्त्यावर आणली, तर १५०० रुपयांपर्यंत दंड. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला लागलं तर कैद पण आहे, ३ महिन्यांपर्यंत. चालवणाऱ्यालाच नाही, चालवायला लावणाऱ्या मालकाला पण. एकदा रिकॉलचं पत्र हातात आलं की आम्हाला माहीत नव्हतं हे म्हणता येत नाही.

सर्व्हिस सेंटरचा दिवस

आंब्याच्या सीझनमध्ये गाडी उभी करायला कोणाला सांगणार, पेट्या वाशीला पोचल्या पाहिजेत हे मला पण कळतं. पण मासळीवाल्यांना १ जून ते ३१ जुलै बंदीचे दोन महिने असतात, त्यांनी तेव्हा घालावी. बाकीच्यांनी मे संपायच्या आत, पावसाच्या आधी.

फोन करताना चेसिस नंबर आणि कॅम्पेन नंबर दोन्ही द्या आणि विचारा की सॉफ्टवेअरची फाइल आलीय का, कारण रिकॉल जाहीर होतो आणि फाइल महिनाभराने येते असं पण होतं, मग गाडी उगाच पनवेल नाहीतर कोल्हापूरपर्यंत रिकामी पळते. सॉफ्टवेअरचंच काम असेल तर लॅपटॉप घेऊन माणूस आपल्या यार्डात येऊ शकतो का विचारा, एका गाडीसाठी येत नाहीत पण लोट्यात पाच-सहा गाड्या एका जागी उभ्या करतो म्हटलं तर येतात, ओळखीतल्या गाड्यांचं आम्ही तसंच केलं आणि प्रत्येकाचा दिवस वाचला.

सॉफ्टवेअर मारताना करंट मधेच गेला तर मीटर किंवा ईसीयू मरतो. मोठ्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, चांगल्या भरलेल्या असल्या तर इंजिन बंद असताना २५ व्होल्टच्या आसपास दाखवतात. बॅटरी म्हातारी असेल तर आधीच सांगा, आणि काम चालू असताना चार्जर जोडायला लावा. लाजू नका, बाजूला उभे राहा. काम सुरू व्हायच्या आधी किलोमीटर, इंजिनचे तास आणि सगळ्या मीटरचा फोटो काढून ठेवा.

ज्यांनी धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाचा, म्हणजे ॲडब्लूचा बायपास मारून घेतलाय त्यांना वेगळं सांगतो. बीएस-६ गाडीवर बाहेरच्या लॅपटॉपवाल्याने केलेली करामत कंपनीच्या सॉफ्टवेअरशी जुळत नाही, फाइल चढतच नाही किंवा चढल्यावर सगळे दिवे एकदम पेटतात, आणि वरून सेंटर म्हणतं गाडी छेडलेली आहे. ते आधी मूळ करून घ्या. आणि रिकॉलचं सॉफ्टवेअर त्याच बाहेरच्या माणसाकडून पाचशे रुपयांत मारून घेऊ नका, कंपनीकडे हे काम फुकट असतं आणि त्यांच्या नोंदीत बंद होतं, त्याने मारलेलं नोंदीत येतच नाही. गाडी उभी राहिल्याचं भाडं मात्र कोणी देत नाही, ते बुडालं असं धरून चाला.

सही करायच्या आधी

जॉब कार्डवर (सेंटर देतं तो कामाचा कागद) कॅम्पेन नंबर, आधीचं सॉफ्टवेअर व्हर्जन, नंतरचं व्हर्जन आणि तारीख हे चारही लिहून घ्या. "सॉफ्टवेअर अपडेट केले" एवढंच लिहिलेलं घेऊ नका. मग तिथेच, सेंटरच्या अंगणात, चावी ऑनची आणि हवेची टेस्ट परत करा, आधीच्या व्हिडिओशेजारी नवीन व्हिडिओ. ट्रेलर असेल तर जोडून ट्रेलरच्या एबीएसचा दिवा पण बघा, हे हमखास राहतं कारण ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, एकटाच सेंटरला नेलेला असतो. किलोमीटर आधीच्या फोटोशी जुळवा. दोन-तीन दिवसांनी कंपनीला फोन करून ह्या चेसिसचा रिकॉल बंद झाला का हे विचारा. फिटनेस पास झाली म्हणजे रिकॉलचं काम झालं असा एक गैरसमज आहे, त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही.

टाळाटाळ केली तर

मेल करा, फोन नाही. चेसिस नंबर, कॅम्पेन नंबर, व्हिडिओ, कुठल्या तारखेला गेलो आणि काय सांगितलं. सात-आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परिवहनच्या रिकॉल पोर्टलवर मालक म्हणून तक्रार टाका. तुमच्या गाडीचा रिकॉल अजून निघालाच नसेल आणि दिवा चुकतोय तरी पण टाका, कारण एकाच मॉडेलच्या किती मालकांनी तक्रार केली यावरच पुढे सरकारी रिकॉलचा विचार होतो. तुमच्या ग्रुपमध्ये तीच गाडी असलेले दहा जण असतील तर दहाही जणांनी आपापली टाकावी, एकाने टाकून बाकीच्यांनी खाली अंगठे देऊन उपयोग नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेली गाडी म्हणून तुम्ही ग्राहक नाहीच असं तुम्हाला ऐकवतील, पण २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. एक गाडी, स्वतः चालवतोय, घर त्यावर चालतंय, असा माणूस जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, गाडीला मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. वीस गाड्यांच्या ट्रान्सपोर्टरला हे अवघड जातं, त्याने वकिलाला विचारावं. तक्रारीला मुदत २ वर्षांची, ती संपेपर्यंत सेंटरच्या "पुढच्या आठवड्यात या" वर बसू नका.

आमच्या गाडीचं काम शेवटी दुसऱ्या फेरीत झालं. पहिल्यांदा सॉफ्टवेअर चढलं पण अंगणात टेस्ट केली तर दिवा आला आणि बझर नाही, तो सुपरवायझर म्हणाला दिवा आला ना, मग झालं की. आमचा कुडाळकर केबिनमधून उतरलाच नाही, चावी काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "बझर वाजल्याशिवाय मी हयसून हलूचंय नाय."